ब्राउझरवरून कॉल लागतो पण आवाज नाही (ॲस्टेरिस्क, ओपस, ए-लॉ) – केळी हेल्पलाइन, रावेर

केळीबाग_रावेर · सोमवार, रात्री 10:52

राम राम मंडळी. तीन दिवसांपासून एकाच जागी अडकलोय म्हणून लिहू राहिलो, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा.

आमच्या शेतकरी गटाची एक छोटी हेल्पलाइन आहे. केळीवर करपा पडला, सीएमव्ही (विषाणूचा रोग) दिसला, ठिबकमधून काय सोडू, असं विचारायला लोक साध्या फोनवरून कॉल करतात आणि आमचे चार जण आपापल्या घरून लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच कॉल घेतात. ॲप वगैरे काही नाही, पान उघडायचं, हेडफोन लावायचा, घंटी वाजली की उचलायचा. मागे मुंबईच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, त्यावर ॲस्टेरिस्क (एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर), आणि एका कंपनीची सिप ट्रंक (नेटवरून येणारी फोन लाइन). आधी हे सगळं एका मित्राने बसवलं होतं, तो आता बाहेरगावी नोकरीला गेला, मागच्या आठवड्यात सर्व्हर नवीन घेतला आणि मी त्याच्याच फाइली बघून परत उभं केलं.

आता होतं असं की शेतकऱ्याचा कॉल येतो, घंटी वाजते, आमच्याकडची मुलगी उचलते, टायमर सुरू होतो आणि दोन्हीकडे शुकशुकाट, कधी दोन-तीन सेकंदांत आपोआप कट होतो. इकडून क्रोममधून बाहेर लावला तरी तेच. फायरफॉक्समधून लावला तर घंटीसुद्धा जात नाही, लगेच 488 येतो, म्हणजे सर्व्हरचा "हे मान्य नाही" असा नकार. पण आम्ही चौघं आपसात क्रोमवरून बोललो तर आवाज एकदम स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा! म्हणजे माइक बरोबर, हेडफोन बरोबर, एचटीटीपीएस पण आहे. मग अडतं कुठे?

सध्या केळीची कापणी जोरात आहे, रोजचे वीस-पंचवीस कॉल असतात, लोक हॅलो हॅलो करून ठेवून देतात. त्याचंच वाईट वाटतं.

पुण्यातला_खान्देशी · सोमवार, रात्री 11:15

भाऊ हे शंभर टक्के नॅटचं (घरच्या नेटमागे खरा पत्ता लपतो त्याचं) प्रकरण आहे. कॉल लागतो आणि आवाज नाही म्हणजे सिप (कॉल लावायचे निरोप) पोचतंय पण आरटीपी (आवाजाची पाकिटं) पोचत नाही. घरोघरी मोबाइलच्या सिमवरचं नेट असेल ना, तिथे थेट रस्ता मिळत नाही. टर्न सर्व्हर (थेट रस्ता नसेल तर मधून आवाज पुढे देणारा) बसवलाय का? कोटर्न टाका, 3478 पोर्ट उघडा, सर्व्हरवर आरटीपीची रेंज फायरवॉलमध्ये उघडी आहे का तेही बघा. मी हेच तीन ठिकाणी बघितलंय.

केळीबाग_रावेर · सोमवार, रात्री 11:31

टर्न आहे दादा, आणि तो चालतो हे पण तपासलं. ॲस्टेरिस्कमध्ये इको टेस्टचा नंबर ठेवलाय, ब्राउझरवरून तो लावला की आपलाच आवाज परत ऐकू येतो, अगदी सिमच्या नेटवरून पण. रस्ताच बंद असता तर इको कसा आला असता? अजून एक गंमत बघा, स्वागताची रेकॉर्ड केलेली टेप आहे, "नमस्कार, केळी हेल्पलाइन", ती शेतकऱ्याला नीट ऐकू येते पण आम्ही ब्राउझरवरून लावली तर वाजत नाही.

तापीकाठ · मंगळवार, सकाळी 6:40

पोरा, तुझ्या शेवटच्या दोन ओळींतच उत्तर आहे. इको वाजतो, टेप वाजत नाही.

मी भुसावळला राहतो, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, आता निवृत्त आहे पण हा विषय सुटत नाही. आधी गोष्ट समजून घे, कमांडा नंतर. आपल्याकडे बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो ना? दोघं हात रुमालाखाली घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात, बाहेर उभ्या माणसाला एवढंच कळतं की सौदा झाला. कॉलमध्येही तेच आहे. एक बाजू ऑफर देते, म्हणजे मला कुठकुठले कोडेक (आवाज पाकिटात भरायच्या भाषा, जसं ओपस, ए-लॉ) बोलता येतात त्याची यादी, आवडीच्या क्रमाने. दुसरी बाजू त्यातले स्वतःला येणारे निवडून आन्सर देते. 2002 सालच्या आरएफसी 3264 (इंटरनेटच्या नियमांचा कागद) मध्ये ही पद्धत लिहून ठेवलेली आहे आणि आजही तीच चालते. तुला फक्त "कॉल लागला" दिसतं. रुमालाखाली काय ठरलं ते एसडीपीमध्ये, म्हणजे कॉलसोबत जाणाऱ्या चिठ्ठीत, लिहिलेलं असतं आणि ते तू अजून वाचलेलं नाहीस.

दुसरं म्हणजे तुझ्या एका कॉलमध्ये सौदे दोन होतात. एक ट्रंक आणि ॲस्टेरिस्कमधला, दुसरा ॲस्टेरिस्क आणि ब्राउझरमधला. दोन्ही सौदे वेगवेगळ्या भाषेत ठरले तर मध्ये दुभाषी लागतो. इकोमध्ये दुभाषी लागत नाही, ब्राउझरने जे पाकीट पाठवलं तेच न उघडता परत येतं. तुम्ही चौघं आपसात बोलता तेव्हाही पाकीट बंदच्या बंद इकडून तिकडे जातं. टेप मात्र सर्व्हरला स्वतःला त्या कोडेकमध्ये बोलून दाखवावी लागते, आणि तिथेच ती अडते.

दोन्ही बाजूंची एसडीपी इथे टाक. पीजेसिपचा (ॲस्टेरिस्कमधल्या सिपच्या भागाचा) लॉगर चालू करून एक येणारा आणि एक जाणारा कॉल कर. आयपी आणि फोन नंबर काढून टाक बरं का, इथे सगळे वाचतात.

केळीबाग_रावेर · मंगळवार, दुपारी 1:20

काका, सकाळी बागेत होतो म्हणून उशीर. फोनवरून टाइप करतोय म्हणून सगळं मराठी अक्षरात लिहितो, समजून घ्या.

ट्रंककडून येणाऱ्या कॉलची ओळ: एम=ऑडिओ, मग पोर्ट, मग आरटीपी/एव्हीपी 8 0 18 101. खाली 8 म्हणजे पीसीएमए, 0 म्हणजे पीसीएमयू, 18 म्हणजे जी729, 101 टेलिफोन-इव्हेंट. आम्ही त्यांना उत्तर देतो 8 आणि 101.

ॲस्टेरिस्क ब्राउझरला जी ऑफर देतो त्यात एकच कोडेक, 107 ओपस/48000/2. ब्राउझर 107 ला हो म्हणतो.

क्रोममधून जाणाऱ्या कॉलमध्ये यूडीपी/टीएलएस/आरटीपी/एसएव्हीपीएफ 111, बस, बाकी काही नाही. फायरफॉक्सच्या ओळीत पण 111 आहे आणि त्यालाच 488 येतो.

आणि लॉगमध्ये एक ओळ सारखी येते, "अनेबल टू फाइंड अ कोडेक ट्रान्सलेशन पाथ", पुढे कंसात ओपस, बाण, कंसात ए-लॉ. मला वाटलं नुसती वॉर्निंग आहे, एरर तर नाही, म्हणून सोडून दिली होती.

अमळनेरकर · मंगळवार, दुपारी 2:05

तीच ओळ तुमचं दुखणं आहे भाऊ. ओपस ते ए-लॉ असा दुभाषी सर्व्हरवर नाहीच.

मी गिरणीच्या ऑफिसात हेच काम बघतो म्हणून सांगतो, नवीन सर्व्हरवर सगळे इथेच पडतात. ॲस्टेरिस्कच्या मूळ सोर्समध्ये ओपसचं ट्रान्सकोडिंग, म्हणजे एका कोडेकचा आवाज दुसऱ्यात बदलणं, येत नाही. ओपसची एसडीपी समजणं आणि पाकीट न उघडता पुढे देणं एवढं येतं. ट्रान्सकोडिंगसाठी कोडेक_ओपस नावाचं मॉड्यूल वेगळं उतरवावं लागतं, फुकट आहे, पण ॲस्टेरिस्कच्या मुख्य आवृत्तीला जुळणारंच घ्यायचं. तुमच्या मित्राच्या जुन्या सर्व्हरवर ते असणार, तुम्ही फाइली कॉपी केल्या पण मॉड्यूल राहून गेलं.

दोन कमांडा द्या. पहिली, मॉड्यूल शो लाइक ओपस. दुसरी, कोअर शो ट्रान्सलेशन. दुसरीत मोठा तक्ता येतो, ओपसच्या ओळीत ए-लॉच्या खाली आकडा आहे की नुसती आडवी रेघ ते सांगा.

केळीबाग_रावेर · मंगळवार, दुपारी 2:31

पहिलीत ओपस दिसतंय की! रेस_फॉरमॅट_ॲट्र_ओपस, रनिंग. म्हणून तर मी निर्धास्त होतो. पण तक्त्यात ओपसच्या पूर्ण ओळीत आडव्या रेघाच आहेत.

अमळनेरकर · मंगळवार, दुपारी 2:38

बरोबर, आणि याच नावाने भलेभले फसतात. ते रेसवालं मॉड्यूल एसडीपीतल्या ओपसच्या एफएमटीपी (सेटिंगच्या) ओळी वाचण्या-लिहिण्यापुरतं आहे, ते कायम असतं, आवाजाला हात लावत नाही. कोडेकने सुरू होणारं मॉड्यूल दिसलं तरच दुभाषी आहे असं समजा.

आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, एक मॉड्यूल बसवणं, दुसरा तात्पुरता. लगेच काम सुरू करायचं तर ब्राउझरच्या एंडपॉइंटमध्ये (सर्व्हरवरच्या त्याच्या नोंदीत) अलाउ ओळ बदला, आधी सगळे बंद आणि मग ओपस, ए-लॉ, म्यू-लॉ अशी. सध्या तिथे एकटं ओपस असणार. नुसतं वाढवून भागणार नाही, मॉड्यूल येईपर्यंत ओपस काढूनच टाका, नाहीतर ब्राउझर परत ओपसच निवडेल आणि तुम्ही तिथल्या तिथे. ए-लॉ प्रत्येक ब्राउझरला येतंच, वेबआरटीसीच्या (ब्राउझरमधून बोलायच्या सोयीच्या) नियमात, आरएफसी 7874, 2016 सालचा, ओपस आणि जी711 दोन्ही सक्तीचे आहेत. जी711 म्हणजेच पीसीएमए आणि पीसीएमयू, आपण ज्याला ए-लॉ, म्यू-लॉ म्हणतो ते.

केळीबाग_रावेर · मंगळवार, दुपारी 4:10

येणारे कॉल सुरू झाले!! सावद्याहून एका बाबांचा कॉल आला, चार दिवसांनी पहिल्यांदा दोन्हीकडून आवाज. अमळनेरकर भाऊ आणि काका, तुमचे आभार कसे मानू.

पण जाणारे कॉल आता क्रोममधून पण 488 द्यायला लागले. आधी निदान लागत तरी होते. आणि हे फार गरजेचं आहे कारण शेतकरी मिस कॉल देतात, आम्ही उलट फोन करतो.

धुळ्याचा_पोऱ्या · मंगळवार, संध्याकाळी 5:45

काल रात्रीपासून वाचतोय, आता माझ्या कामाची गोष्ट आली. तुम्ही लिहिलंय की क्रोमच्या ऑफरमध्ये फक्त 111 आहे. हे नैसर्गिक नाही. आजचा क्रोम स्वतःहून 111 63 9 0 8 13 110 126 अशी लांब यादी देतो, 111 ओपस, 63 रेड, 9 जी722, 0 आणि 8 म्यू-लॉ ए-लॉ, 13 शांततेचा आवाज, शेवटचे दोन टेलिफोन-इव्हेंट. तुमच्या पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये कोणीतरी एसडीपीची कापाकापी करतंय. शोधा, रिप्लेस किंवा स्प्लिट असं काही सापडेल.

केळीबाग_रावेर · मंगळवार, संध्याकाळी 6:20

सापडलं. वीसेक ओळींचं फंक्शन आहे, वर कमेंट आहे "चांगल्या आवाजासाठी". एसडीपीच्या ओळी तोडतो, एम=ऑडिओच्या ओळीत शेवटचे सगळे आकडे काढून फक्त 111 लिहितो, आणि परत जोडतो. फक्त जाणाऱ्या कॉलला लावलंय.

धुळ्याचा_पोऱ्या · मंगळवार, संध्याकाळी 7:02

हेच ते. मित्राचा हेतू चांगला होता, जुन्या सर्व्हरवर दुभाषी असल्याने क्रोममध्ये चाललंही, पण 111 हा आकडा म्हणजे ओपस नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. नीट सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आरटीपीच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, पेलोड टाइप. जुन्या कोडेकचे आकडे कायमचे ठरलेले आहेत, 0 म्यू-लॉ, 8 ए-लॉ, 9 जी722, 18 जी729. नवीन कोडेकना सहसा 96 ते 127 मधला कोणताही आकडा त्या कॉलपुरता देतात आणि आरटीपीमॅपच्या ओळीत सांगतात की या कॉलमध्ये अमुक आकडा म्हणजे अमुक. क्रोम ओपसला 111 देतो, फायरफॉक्स 109 देतो, तुमच्याच लॉगमध्ये ॲस्टेरिस्कने 107 दिलाय. तिन्ही बरोबर. आता तुमचं फंक्शन फायरफॉक्सच्या ओळीत 111 लिहितं, पण खाली 111 चं आरटीपीमॅपच नाही, तिथे 109 आहे. सर्व्हर म्हणतो हा 111 कोण, मी ओळखत नाही, आणि 488 पाठवतो. क्रोममध्ये आज सर्व्हर फक्त ए-लॉ मागतोय आणि तुम्ही ऑफरमधून ए-लॉ कापून टाकलंय, समाईक काहीच उरलं नाही, परत 488.

ते फंक्शन पूर्ण काढा. आवडीचा क्रम लावायचाच असेल तर सेटकोडेकप्रेफरन्सेस नावाची सरळ सोय आहे, ट्रान्सीव्हरवर लावायची, ट्रॅक जोडल्यावर आणि ऑफर बनवायच्या आधी. क्रोममध्ये ती बऱ्याच वर्षांपासून आहे, फायरफॉक्समध्ये 128 आवृत्तीत आली, म्हणून आधी सोय आहे का ते तपासून मगच वापरा. एसडीपी ही दोन यंत्रांमधली चिठ्ठी आहे, तिच्यात मधेच खाडाखोड करू नये असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः दोन वर्षं करत होतो आणि ब्राउझरच्या दर दुसऱ्या अपडेटला रात्री जागवायचो.

केळीबाग_रावेर · मंगळवार, रात्री 9:48

फंक्शन काढलं, दोन्ही ब्राउझरमधून कॉल लागले, दोन्हीकडून आवाज. आणि सेटकोडेकप्रेफरन्सेस पण लावलं, यादीत फक्त ए-लॉ आणि ओपस ठेवले. उद्या ताई कॉल घेतील तेव्हा खरं कळेल.

हेडफोनवाली · बुधवार, दुपारी 12:35

मी यांच्याच गटात कॉल घेते, फैजपूरला राहते. मला तुमच्या आकड्यांतलं काही कळत नाही पण दिवसभर कानाला हेडफोन माझ्या असतो म्हणून दोन गोष्टी सांगायच्या होत्या, भाऊंनी म्हटलं इथेच लिहा.

पहिली, पीकविम्याच्या चौकशीसाठी आम्ही शेतकऱ्यातर्फे टोल फ्री नंबर लावतो, तिथे मराठीसाठी दोन दाबा वगैरे येतं. काल रात्रीपासून मी दोन दाबते पण पलीकडे काही जातच नाही, तीच टेप परत परत वाजते.

दुसरी जास्त महत्त्वाची आहे. कॉल सुरू झाले हे फार छान झालं पण आवाज दबका वाटतो, आणि काल मी एका काकूंना विचारलं पंपाला किती मिली टाकलं, त्या म्हणाल्या साठ, मला ऐकू आलं आठ. मी पुढचं सगळं आठ धरून सांगत होते. नशीब त्यांनीच नंतर "साठ टाकूनही फरक नाही" असं म्हटलं म्हणून मला कळलं. केळीवर औषध जास्त गेलं तर पानं करपतात, कमी गेलं तर पैसा वाया. मला रात्री झोप नाही आली. आम्ही चौघं आपसात बोलायचो तेव्हा असं व्हायचं नाही, मग शेतकऱ्याशी बोलतानाच का होतं?

धुळ्याचा_पोऱ्या · बुधवार, दुपारी 1:10

ताई पहिल्याचं लगेच सांगतो. भाऊंनी यादीत दोनच कोडेक ठेवले, टेलिफोन-इव्हेंट राहून गेलं. बटण दाबलं की त्याचा आवाज जात नाही, टेलिफोन-इव्हेंट नावाने वेगळं पाकीट जातं आणि एसडीपीमध्ये ते पण कोडेकसारखंच ठरवावं लागतं. भाऊ, यादी छाटू नका, नुसती मांडणी बदला. गेटकेपेबिलिटीज मधून पूर्ण यादी घ्या, हवा तो कोडेक उचलून पुढे ठेवा, बाकी सगळे मागे आहेत तसे राहू द्या.

तापीकाठ · बुधवार, दुपारी 3:30

ताई, तुमचा दुसरा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. सविस्तर सांगतो.

टेलिफोनचा आवाज जी711 मध्ये सेकंदाला 8000 वेळा मोजतात, प्रत्येक मापाला 8 बिट, म्हणून 64 किलोबिट. 1972 सालचं हे मानक. 8000 वेळा मोजलं की 4000 हर्ट्झच्या वरचं काहीच पकडता येत नाही, प्रत्यक्षात 300 ते 3400 एवढाच पट्टा जातो. स्वर त्यात मावतात, म्हणून माणूस ओळखू येतो, बोलणं कळतं. पण स, फ यांची जी हवा असते, तिचा मोठा भाग 4000 च्या वर असतो. साठमधला स कापला गेला की मागे आठ उरतो. तुमच्या कानाचा दोष नाही, तो स तुमच्यापर्यंत आलाच नाही. आपसात बोलताना तुम्ही ओपसवर असायचात, त्यात पूर्ण पट्टा येतो, म्हणून तिथे असं होत नव्हतं.

आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ब्राउझरच्या बाजूला कोणताही कोडेक लावला तरी ट्रंकवर तुमची ए-लॉच आहे, तिथे कापला गेलेला स परत आणता येत नाही. म्हणून आकडा आला की फोडून विचारायचा, साठ म्हणजे सहावर शून्य का? आम्ही एक्स्चेंजमध्ये नंबर घ्यायचो तेव्हा एकेक आकडा सुटा बोलायचो, त्याचं कारण हेच.

अमळनेरकर · बुधवार, संध्याकाळी 4:15

काकांचं बरोबर आहे पण त्यावरून "मग ओपस कशाला, सगळीकडे ए-लॉच ठेवा" असा अर्थ कोणी काढू नये. मी मॉड्यूल बसवाच म्हणेन.

ट्रंक आणि सर्व्हरमधला रस्ता चांगला असतो, डेटा सेंटर ते कंपनी. खराब रस्ता आहे तो सर्व्हर ते ताईंचं घर, सिमच्या नेटवर, दुपारी लाइट गेली की टॉवरही धापा टाकतो. तिथे ए-लॉ ठेवलं तर 20 मिलिसेकंदांचं एक पाकीट हरवलं की तेवढा आवाज गेला, भरून काढायची काही सोय त्या कोडेकमध्ये नाही. साठमधला स आधीच अर्धा, त्यात पाकीट हरवलं तर पूर्ण गेला. ओपसमध्ये यूजइनबँडएफईसी म्हणून सोय आहे, पुढच्या पाकिटात मागच्याची हलकी प्रत सोबत येते, एखादं हरवलं तर तिच्यावरून भरून काढतो.

शिवाय वजन बघा. ए-लॉमध्ये 160 बाइट आवाज आणि 40 बाइट हेडर, सेकंदाला 50 पाकिटं, म्हणजे 80 किलोबिट, वर एन्क्रिप्शनचं थोडं. ओपस 24 वर ठेवलं तर हेडर धरून 40 च्या आसपास. निम्मं.

तापीकाठ · बुधवार, संध्याकाळी 5:00

एक शंका आहे. दोनदा उलथापालथ केली की आवाज थोडा बिघडतोच, आणि सर्व्हरवर भार पडतो. नेट चांगलं असेल तिथे ए-लॉ सरळ जाऊ द्यावं असं माझं मत. कमीत कमी दुभाषे, हा आमच्या काळचा नियम.

अमळनेरकर · बुधवार, संध्याकाळी 5:22

चांगल्या नेटवर मान्य काका, फायबर असेल तर ए-लॉच ठेवा. पण यांच्याकडे एकावेळी चार कॉल, चार कॉलच्या ट्रान्सकोडिंगने सर्व्हरला काही होत नाही, आणि सिमच्या नेटवरचं नुकसान दुभाष्यापेक्षा कितीतरी जास्त. मोजूनच बघा ना भाऊ, दोन दिवस असं, दोन दिवस तसं.

जळगाव_एमआयडीसी · बुधवार, संध्याकाळी 6:40

मधे बोलतो. जी722 का नाही वापरत? दोन्ही ब्राउझर देतात, ॲस्टेरिस्कमध्ये दुभाषी आयताच येतो, आवाज पण रुंद. मी एसडीपीमध्ये जी722/8000 बघितलं म्हणून आधी वाटलं हा पण अरुंदच.

अमळनेरकर · बुधवार, संध्याकाळी 7:05

तो 8000 फसवा आहे, जी722 खरं तर 16000 वर चालतो. जुन्या आरएफसीमध्ये चुकून 8000 लिहिलं गेलं आणि मग सगळी उपकरणं बिघडू नयेत म्हणून तसंच ठेवलं. ऑफिसच्या आतल्या डेस्क फोनला मस्त आहे. यांच्या उपयोगाचा नाही, पलीकडे ए-लॉच असल्याने रुंदी मिळणार नाही, वजन ए-लॉएवढंच, आणि हरवलेल्या पाकिटासाठी ओपससारखी सोय नाही.

केळीबाग_रावेर · रविवार, रात्री 9:15

मोजलं. उशीर झाला कारण बुधवारी रात्री वादळी पाऊस झाला, गुरुवार पूर्ण दिवस खांब पडलेल्या बागांत गेला.

कोडेक_ओपस बसवलं, तक्त्यात आता ओपस ते ए-लॉ आकडा दिसतो. कोडेक्सच्या फाइलमध्ये एफईसी चालू केलं. एंडपॉइंटची ओळ आता ओपस, ए-लॉ, म्यू-लॉ अशी. क्रोमचं वेबआरटीसी-इंटरनल्स (कॉलची आकडेवारी दाखवणारा टॅब) उघडून ठेवलं आणि पानात गेटस्टॅट्समधून दर पाच सेकंदांनी तीन गोष्टी लिहून घेतल्या, कोडेक कोणता ठरला, पाकिटं किती हरवली, आणि कन्सील्ड सॅम्पल्स, म्हणजे ब्राउझरने किती आवाज स्वतःच्या अंदाजाने भरला. फैजपूरच्या ताईंच्या नेटवर दुपारी ए-लॉ असताना अंदाजाने भरलेला आवाज बराच जास्त होता, ओपसवर स्पष्ट कमी झाला. माझ्याकडे फायबर आहे, तिथे फरक जवळजवळ नाहीच, म्हणजे काकांचं पण खरं निघालं. मी माझ्या एंडपॉइंटला ए-लॉ वर आणि बाकी तिघांना ओपस वर ठेवलंय.

अजून एक सापडलं. ताईंच्या खोलीत कूलर चालतो, मे महिन्यात बंद करणं शक्यच नाही, आणि पानात माइक मागताना नॉइज सप्रेशन कोणीतरी फॉल्स करून ठेवलं होतं. ते ट्रू केलं, आता शेतकऱ्यांना "तिकडे गाडी चालू आहे का" असं विचारावं लागत नाही.

पुण्यातला_खान्देशी · रविवार, रात्री 9:50

पहिल्या दिवशी मी नॅट नॅट करत होतो, इको टेस्टचं ऐकून पण मनात तेच होतं. पुढे कोणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी, मी आता आधी वेगळं कसं करतो ते लिहितो. ब्राउझरचा आकडेवारीचा टॅब उघडायचा, फायरफॉक्समध्ये अबाउट:वेबआरटीसी. आइस (दोघांमधला रस्ता शोधणारी सोय) कनेक्टेडच होत नसेल तर रस्त्याचा प्रश्न, टर्न आणि फायरवॉल बघा. आइस जोडलं गेलं पण मिळालेल्या पाकिटांचा आकडा शून्यावरच आहे तर समोरचा पाठवतच नाही, बहुतेक वेळा सर्व्हरवर दुभाषी नाही, लॉग वाचा. पाकिटं वाढताहेत पण ऑडिओ लेव्हल शून्य, तर पलीकडचा माइक बंद आहे किंवा मधल्या सर्व्हरने शांतताच पाठवलीय. लेव्हल पण हलतेय आणि तरी कानाला काही नाही, तर पानातला ऑडिओ टॅग वाजतोय का बघा, वापरकर्त्याने पानावर कुठे क्लिक केलेलं नसेल तर ब्राउझर आवाज अडवतो. आणि सरळ 488 आला तर दोन्ही ऑफर शेजारी शेजारी ठेवून समाईक कोडेक बोटाने शोधायचा.

जळगाव_एमआयडीसी · सोमवार, सकाळी 10:20

एक शेवटचं विचारतो, आमच्या ट्रंकवाल्याने फक्त जी729 देतो म्हणून सांगितलंय. ब्राउझर थेट घेईल का?

अमळनेरकर · सोमवार, सकाळी 10:41

नाही, ब्राउझरला जी729 येत नाही. पेटंट 2017 लाच संपलंय पण ब्राउझरवाल्यांनी घेतला नाही. सर्व्हरवर दुभाषी लागेल. त्याआधी त्यांच्याकडून ए-लॉ मागून बघा, बहुतेकांकडे चालू करून मिळतो, आणि 8 किलोबिटमध्ये दाबलेला आवाज ए-लॉपेक्षाही गरीब असतो. आकड्यांचं काम असेल तर नकोच.

हेडफोनवाली · सोमवार, दुपारी 4:55

आज अठरा कॉल घेतले, एकही कट झाला नाही. दोन दाबलं की जातं.

आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, साठ-आठ, सात-आठ, वीस-तीस, हे आकडे फोडून विचारायचे. आज त्या काकूंना मी स्वतः परत फोन लावला, पानं कशी आहेत विचारलं. म्हणाल्या नवीन पान स्वच्छ निघू राहिलं. मग मी मात्रा परत विचारली, त्या म्हणाल्या "सहावर शून्य", मी न विचारताच.